सोफ्याची गोधडी

चहा जपून हं, गोधडीवर सांडेल. हिच्यापायी मी अक्कांशी, म्हणजे सासूबाईंशी, धडधडीत खोटं बोलले होते.

मला सातवा लागला होता. आमच्याकडे बाळ यायच्या आधी त्याचं काही शिवत नाहीत. मागच्या खेपेला मी हौसेनं दुपटी शिवून ठेवली, आणि बाळ राहिलं नाही. तेव्हापासून अक्का सुई बघितली तरी दचकायच्या.

पण अक्का असोद्याला, आम्ही मेहरूणला. म्हटलं, शिवायचं नाही, नुसते रंग जुळवून बघू. जुन्या लुगड्यांचे चौकोन फरशीवर मांडले. आधी पिवळा-हिरवा, मग लाल-निळा. मान वर केली तर दारात अक्का! न कळवता बसनं आलेल्या.

"हे कोनासाठी, माय?"

"सोफ्यासाठी," तोंडातून निघून गेलं.

अक्का माझ्या पोटाकडे बघेनात. आता काही वाईट झालं तर ते माझ्याच हातानं, एवढंच डोक्यात.

मग त्या खाली बसल्या. निळा चौकोन उचलून तिथे पिवळा ठेवला.

"कडेनं लाल लाव. सोफ्याले थंडी वाजते."

आणि ढिगातून काळा तुकडा शोधून त्यांनी कोपऱ्यात ठेवला.

"अक्का, काळा?"

"ऱ्हाऊ दे. सोफ्यालेबी नजर लागते."