भुताला दोन हात

...अहो, पण भूत गुलाबी कसं असेल, तुम्हीच सांगा! मी त्या चिमुरडीला शांतपणे, अगदी शांतपणे म्हटलं, "बाळा, भुताची भीती वाटायला हवी की नाही? काळा घे, निळा घे," तर ती कमरेवर हात ठेवून म्हणते, "आजोबा, त्याचा आज वाढदिवस आहे!" पन्नास वर्षं भिंती रंगवल्या मी, पण तुम्हाला सांगतो, भिंतीनं कधी उलट उत्तर दिलं नाही!

माझं शिक्षण सहीपुरतं. पण लेक बालवर्गाची बाई, तिचा बसला घसा, तोंडातून नुसती हवा, आणि नेमक्या त्याच दिवशी बारा वाजता मोठ्या बाई तिचा वर्ग बघायला येणार... आवडला तर नोकरी कायम, नाहीतर हातात नारळ! विषय काय, तर भुतांची चित्रं काढून पोरांना शिकवायचं, कोणत्या रंगानं भीती वाटते, कोणत्या रंगानं उदास वाटतं. लेक कुजबुजली, "बाबा, रंगातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं? मी कोपऱ्यात उभी राहते, तुम्ही फक्त बोला." झालं, विरघळलो!

मी आपला सवयीनं म्हणालो, "मुलांनो, भुताला आधी पांढऱ्याचा एक हात द्या, वाळू द्या, मग दुसरा हात द्या." आमच्या धंद्यात हात म्हणजे रंगाचा थर हो! पण सतरा पोरांनी सतरा पंजे बुडवले पांढऱ्यात आणि थाड, थाड, थाड! कुणाच्या भुताला चार हात, कुणाच्या भुताला नऊ, आणि एक गोबऱ्या गालांचा तर भोकाडच पसरून बसला, "माझ्या भुताला हात नको, ते मला मारेल!" मी म्हटलं, "अरे राजा, हात म्हणजे तसला हात नव्हे रे..." तर शेजारची विचारते, "मग काय, पाय?" भिंतीनं हो, भिंतीनं कधी असं विचारलं नाही!

तिकडे लेक हवेनंच ओरडतेय, "बाबाऽ... उदास... उदास घ्या!" म्हटलं, बाई गं, उदास तर मी झालोच आहे! निळा दाखवून विचारलं, "हा बघून कसं वाटतं?" "पोहायला जावंसं!" करडा? "हत्ती!" काळा? "चॉकलेट!" सांगा, चॉकलेटला कोण घाबरतं? भिंत बिचारी कशी, जो रंग द्याल तो मुकाट्यानं घेते...

आणि दार उघडलं. मोठ्या बाई! त्यांनी चष्म्यावरून गुलाबी भूत बघितलं, नऊ हातांचं भूत बघितलं, लेकीनं तर डोळेच मिटले. बाई म्हणाल्या, "मुलांनो, सांगा बरं, भीतीचा रंग कोणता?"

पोरं चित्रांकडे बघतायत, एकमेकांकडे बघतायत, मग माझ्याकडे... आणि ती वाढदिवसवाली बोट रोखून ओरडली, "पांढरा! आजोबांचं तोंड बघा!"

गोबऱ्या गालांचा म्हणतो, "आणि कान लाल! लाल म्हणजे लाज!"

मोठ्या बाई हसल्या हो, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "पोरं माणसाचा चेहरा वाचायला शिकली, आणखी काय हवं?" लेकीची नोकरी कायम!

आणि माझं? गिऱ्हाइकापुढे जन्मभर रंगांची पट्टी धरली, आता दर शुक्रवारी मीच फळ्याजवळ उभा राहतो, आणि पोरं माझ्या तोंडावरची शेड वाचतात.