सुरुवातीचा क्रम

रत्नागिरीच्या स्टँडवर ऋजुताच्या कानावर शेजारच्या बाकावरच्या दोन निवृत्त प्रोग्रामरांचं बोलणं पडलं.

“नजमाताई, आपला तो बंदराचा प्रोग्राम आठवतो? कधी चालायचा, कधी सुरू होतानाच कोसळायचा.”

“विसरेन होय, शिर्के? एका फाइलमधला ग्लोबल व्हेरिएबल तयार व्हायच्या आधीच दुसरी फाइल तो वापरायची!”

“तुम्ही फाइली जोडायचा क्रम उलटा केलात, तेव्हा चूक सापडली.”

“चौदा दिवस शेजारी बसून शोधली.”

“आता सून म्हणते, टूल मिनिटात दाखवतं.”

“बरंच झालं की.”

“हो, बरंच.”

“चूक सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, शिर्के. तरी मी ऑफिसात आले होते.”

“ठाऊक आहे. दाराशी तुमच्या चपला बघून मी जिन्यावरूनच परत फिरलो.”