कायमचं घरी जायची तारीख

टॅक्स ऑफिसात आईचा नंबर येईपर्यंत मी शेजारच्या वेल्डरकाकांचा स्पीकरवरचा फोन मनसोक्त ऐकला. पलीकडे, दूर मायदेशी त्यांच्या घरी, काकू!

“अगं, इथे सहाच महिने काम केलं, पण टॅक्स कापला वर्षाच्या हिशेबाने. जास्तीचा परत मिळतो.”

“मग घ्या की!”

“फॉर्मवर कायमचं घरी जायची तारीख लिहावी लागते.”

“लोखंड वितळवता आणि तारखेला घाबरता?”

“काल स्वप्नात आपल्या दारात उभा होतो. तू विचारलंस, कोण पाहिजे?”

“अगं बाई! मग?”

“मग जाग आली.”

“आज स्वप्न पडलं तर सरळ आत या. मी काही विचारणार नाही. बरं, तारीख कुठली लिहिताय?”

“तीस लिहू?”

“आज किती?”

“नऊ.”

“मग दहा लिहा ना!”