बाबांच्या कबरीची जिम्मेदारी

आमचं मूळ कोकणातलं, अलिबागकडलं, आम्ही इस्राईल लोक, म्हणजे ज्यू, पण मी जन्मले लातूरला. बाबा सुतार, कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री म्हणून आले न् इथंच राहिले. अख्ख्या गावात आमच्यातलं एकच घर. शनिवारी बाबा रंध्याला हात लावायचे न्हाईत. शेजारच्या बाया आईला विचारायच्या, तुमचा बी शनिवार मारुतीचाच का? आई म्हणायची, हाव, आमच्या देवाचा.

दुष्काळ पडला त्या साली बाबा गेले. पुण्याला आमच्या कबरस्तानात न्यायचं म्हणलं तर ऊन असं, मयत टिकायचं न्हाई. मग गावाबाहेर माळावर दफन केलं, माती इतकी वाळलेली की पहार टणटण वाजायची. काय सांगू तुम्हाला ताई, मयताच्या मागं आमच्यात कद्दीशची प्रार्थना म्हणतात, तिला आमच्यातलेच दहा पुरुष लागतात, न् पुरुष एकटा माझा सालोमनदादा. तर जिनिंगमधले नऊ जण, त्यात पठाणचाचा, बौद्धवाड्यातले दोघं, बसप्पा, असे सगळे डोक्याला रुमाल बांधून दादाशेजारी हुभे राहिले, म्हणले आम्ही दहा करतो, तू म्हण. दादा रडला, पण म्हणला न्हाई. त्याचा मला आजबी राग हाय.

मग दादा न् आई इस्राएलला गेले. आई म्हणली, रिबका, कद्दीश होईस्तोवर बाबांना एकटं सोडू नको, दादा दहा जण घेऊन येतो. मी तवा बालवाडीत शिकवत होते, म्हणलं थांबते वर्षभर.

त्या वर्षाची लई वर्षं झाली, न् लातूर जिल्हा झाला. जिकडंतिकडं हापिसं. माळावर बी हापिसासाठी चुन्याची रेघ वढली, बाबांच्या बरोबर वरून. मी जाऊन रेघेवर बसले. तिथला साहेब माणूस चांगला, म्हणला बाई, कबर राहू देतो, पण निगा राखायला जिम्मेदार माणूस पाहिजे, तुम्ही गावात हाय तवर ठेवू, तसं लिहून द्या. दिलं लिहून, न् खुशीत घरी आले. आठ दिवसांनी दादाचं पत्र. इथं दहा जणांत बाबांची कद्दीश झाली, कबरीपाशीच पाहिजे असं न्हाई म्हणतात, आता तू निघ. ते आधी आलं असतं तर मी रेघेवर बसलेच नसते. पण आता मी गेले की बाबांवर हापिसाचा पाया पडणार, न् सही माझी. आई तिकडंच वारली, तिचं तोंड बी बघायला मिळालं न्हाई. लग्नाचं तर बोलूच नका, आमच्यातला नवरा इथं कुठला.

आता कबरीभवती हापिसातल्या लोकांच्या गाड्या लागतात. मी दर शुक्रवारी झाडून येते. मागल्या साली तिथला कारकून म्हणला, बाई, तुमचा तो कागद फायलीत न्हाईच, कधीच रद्दीत गेला असंल, तुम्ही मोकळ्या हाय. मोकळी होऊन आता जाऊ कुठं? गुडघे गेले, दादा गेला, तिकडं मला वळखणार कोण.

त्या नवांतला बसप्पा तेवढा राहिला. त्याला म्हणलं, माझ्या टायमाला रुमाल बांधून येशील ना? म्हणला, नऊ जण घेऊन येतो. मी म्हणलं, आरं, पण म्हणणारा कुठून आणशील? मग म्हणला, नुसतं हुभं राहू की. देव त्याला तवर धडधाकट ठेवो.