पाच वाजता आवाज आला नाही

हॅलो? … हो, मीच. जरा मोठ्यानं बोल ताई, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरलाय… हात? हात दोन्ही गुंतलेत… गाढवात.

गाढवात गं. चार पायांच्या… नाही, भाऊजींना काही म्हणत नाहीये. तेही आलेत का?… बरं.

हो, कुलूप आहे. मीच लावलंय… शेजारीही इथेच आहेत… वरचेही… अगं, किती वेळा बेल वाजवशील? अख्खी इमारत रिकामी आहे… वॉचमन? तो शेपटीकडे आहे.

नाही, आग नाही लागली. ऐक ना. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे प्राण्यांचं शेल्टर आहे ना?… हो, तेच. ज्याच्याविरुद्ध मी अर्ज लिहिला होता… चार पानी… हो, 'सदर गाढव रोज पहाटे ठीक पाच वाजता निष्कारण ओरडते' हे माझंच वाक्य. तुला वाचून दाखवायला घेतलं तर दुसऱ्या पानावर झोपलीस.

तर त्याच गाढवाला मी आत्ता धरून उभी आहे. डाव्या कुशीला… शहाणा… अगं, त्याचं नाव शहाणा. टोमणा नाही, नाव आहे.

काल दुपारी चाऱ्याचा टेम्पो मागे घेताना त्याला धडकला. हाड मोडलं नाही, पण मागच्या मांड्यांना असा मार बसला की खाली बसला तो उठेचना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढं जड जनावर फार वेळ पडून राहिलं तर स्वतःच्याच वजनाखाली त्याचे स्नायू मरतात. आज दुपारपर्यंत पायांवर उभं राहिलं तर राहिलं. नाहीतर… नाहीतर काय ते मला विचारू नकोस, त्याचे कान मोठे आहेत.

आम्हाला कुणी सांगितलं? कुणीच नाही! तेच तर सांगतेय. आज पाच वाजता आवाज आला नाही… हो. बस्स, एवढंच. मी जागी. पाच वाजून पाच. पाच वाजून दहा. तीन वर्षं ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्याची वाट बघत अंथरुणात बसून राहिले. शेवटी गॅलरीत गेले, तर प्रत्येक गॅलरीत एकेक माणूस. सगळे भिंतीपलीकडे बघतायत. खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड स्टेशनमास्तर म्हणाले, "आज लेट आहे." मग दहा मिनिटांनी म्हणाले, "मला नाही आवडत हे." आणि चपला घालून निघालेच. अर्जावर पहिली सही त्यांची होती गं!

सगळे गेलो मागोमाग. गाऊनवर, लेंग्यावर, कुणाच्या तोंडात ब्रश. शेल्टरच्या बाई एकट्याच, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या… आम्हाला का नाही बोलावलं? कुणाला बोलावणार, अर्जवाल्यांना? आम्हाला बघून त्या काय म्हणाल्या माहितीये? "आज तरी नाही हो ओरडला तो."

… हो ना. मलाही लाज वाटली.

मग काय, गॅरेजवाल्यानं इंजिन उचलायची चेन-कप्पी आणली. सामान हलवणाऱ्यांनी कपाटं उचलायचे पट्टे दिले. शिवणवाल्या वहिनींनी पट्ट्यांना आतून रजई शिवली. काचायला नको म्हणून आधी टेप लावून माप घेतलं… गाढवाचं! आणि कंबर किती भरली ते खास मला येऊन सांगून गेल्या. का, ते मी विचारलं नाही.

नाही गं, नुसतं टांगून नाही ठेवायचं. कप्पीनं वजन हलकं करायचं, तोल माणसांनी धरायचा. म्हणून पाळ्या लावल्यात, अर्ध्या अर्ध्या तासाच्या. स्टेशनमास्तर शिट्टी मारतात, माणसं बदलतात. माझी तिसरी पाळी… कंबर? कंबर गेली केव्हाच. माझी.

तुम्ही दोघं इकडेच या ना. मागच्या गल्लीनं. भाऊजींना उजव्या कुशीला लावू, तिथला माणूस दमलाय… चांगले कपडे? मग बॅग धरून उभी राहा, पण ये…

थांब. थांब ताई. डॉक्टरीणबाई कप्पी सैल करा म्हणतायत… अगं, फोन ठेवू कशानं? हात कुठे आहेत मला!

… थोडी सैल केली. थरथरतोय गं. माझ्या तळहातांना कळतंय सगळं… मागचा पाय… टेकला. दुसरा… दुसरा घसरला. परत… बोलू नकोस… हं. टेकला!

… अजून सैल… आता हात काढा म्हणतायत… सगळ्यांनी काढले. मी नाही काढणार… नाही, पडला तर? … काय? स्टेशनमास्तर म्हणतायत, "बाई, सोडा. सिग्नल पडलाय."

… सोडले.

…

ताई. उभा आहे.

उभा आहे गं! पट्टा लोंबतोय नुसता, कुणाचा हात नाही, आणि हा आपला उभा! वॉचमन नाचतोय. तोंडावर शेपटीचा फटका बसला तरी नाचतोय. गॅरेजवाला डोळे पुसतोय, म्हणतो ग्रीस गेलं… हो, डॉक्टरीणबाई हसतायत. आता पायांत जोर येत जाईल म्हणाल्या… जगतोय गं तो!

अर्ज? छे, मागे कशाला घेऊ? दुरुस्ती देणार. 'सदर गाढव पाच वाजून पाच मिनिटांपर्यंत न ओरडल्यास शेल्टरने सर्व रहिवाशांना तातडीने कळवावे.' … एका पानात… हो, या वेळी जागी राहशील.

मी? मी कशाला रडू? मान अवघडलीये… थांब, मान वर करतोय. मी नाही गं, तो. कान मागे टाकले. बाई सगळ्यांना गप्प करतायत… ताई, ऐक… ऐक…

… … …

ऐकलंस? … अगं, ऐकलंस ना? वाजले किती?… साडेअकरा! स्टेशनमास्तरांनी घड्याळ बघितलं, "साडेसहा तास लेट" म्हणाले आणि अशी शिट्टी मारली, अशी…

काय?… दोनदा ऐकू आलं? एकदा फोनमधून आणि एकदा इमारतीमागून?

मग कानाला काय लावून बसलीयेस! ठेव तो फोन. माझेही हात मोकळे झालेत आता… परत ओरडतोय, परत! ठेव म्हणते ना. थेट ऐक.