सर्दी टिकली पायजे

...न्हाय, न्हाय, हरल्याचं दुःख न्हाय वो मला! चौदा मॅच हरलोय मी, ओळीनं, कळसच्या टीमचा कॅप्टन म्हणून... नाव दिग्विजय आसून! हरलं की कसं, घरी यायचं, पाय धुवायचं, भाकरी खायची, कुणी विचारत न्हाय. खरी वाट लागली ती पंधराव्या मॅचला. जिंकलो ना आमी! तुमाला सांगतो, जिंकू नये माणसानं!

आता ऐका. इंदापूरची टुर्नामेंट, आठ ओव्हरची, टेनिस बॉलवर, पहिलीच मॅच कन्हेरीबरोबर. आमच्यात एक सुमित हाय, बारामतीला कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरीला, लय साधा माणूस. पाच वर्षं बॉलिंग टाकतोय, विकेट एक न्हाय. मग टीममध्ये कशाला? तर स्टंप त्याच्या मालकीचं! तर त्या दिवशी त्याला ही सर्दी. डोळं लाल, नाक गच्च, मला म्हणतो, "कॅप्टद, बाझं दाक बंद हाय." म्हटलं टाक दोन ओव्हर, तसंबी कोण बघतंय? पळत आला, हात वर गेला, आन... आऽऽऽक् छी! बॉल हातातच! बॅट्समन बॅट फिरवून मोकळा झाला, मग मागनं बॉल आला, सावकाश, जेवायला बोलावलेल्या पाहुण्यासारखा, आन दांडी गुल! दुसरा आला... आऽऽऽक् छी, दांडी! तिसरा शिंकंची वाट बघत थांबला, तर शिंक आलीच न्हाय, बॉल आला! बारा बॉलात सात विकेट! उरलेलं तिघं हसता हसता रनआऊट. कन्हेरी ऑल आऊट अकरा! आमच्या ऋषिराजनं पहिल्या दोन बॉलात दोन सिक्स हाणलं, संपली मॅच. मी वन डाऊन, माझी बॅट शोधत होतो. बॅट सापडायच्या आधी जिंकलो!

घ्या! सोमवारी ग्रामपंचायतीच्या पायरीवर निम्मं गाव. मधी मानसिंग आबा. कारखान्यातनं रिटायर झाल्यात, टीम ज्या ट्रॅक्टरमधनं जाती तो त्यांचा, त्यामुळं कॅप्टनपेक्षा वरचं. आबा खाकरलं, "हं... दिग्विजय, रविवारी नरसिंहपूर हाय. लय तगडी टीम. आपला डाव एकच. सर्दी टिकली पायजे."

म्हटलं, "आबा, बॅटिंगचं जरा..."

"सर्दी!"

"न्हाय, फिल्डिंग कुठं लावायची..."

"सर्दी टिकल्यावर फिल्डिंग लागती कशाला रं?"

आन सर्दी टिकवायची जबाबदारी कुणावर? कॅप्टनवर! म्हंजी कॅप्टननं नेट प्रॅक्टिस घ्यायची का दुसऱ्याच्या नाकाकडं बघत बसायचं? सुमितला कॉलेजातनं रजा टाकायला लावली. मंगळवारी दही. बुधवारी बर्फाचा गोळा, काला खट्टा, दोन. गुरुवारी केस ओलं करून मोटरसायकलवर मागं बसवला आन पहाटं कालव्याच्या कडंनं दोन फेऱ्या! जिंकू नये माणसानं, खरंच सांगतो!

त्यात सुमितची बायको अंजली, दवाखान्यात सिस्टर! तुमी सांगा, नवरा शिंकतोय आन सिस्टर गप बसंल व्हय? आमी दिवसभर सर्दी वाढवायची, तिनं रात्री वाफ देऊन उतरवायची. शुक्रवारी धरलं मला दारातच. "भावजी, माणूस हाय का बॉलिंग मशीन? ताप भरला म्हंजी?"

माझ्या मागं आबा उभं. म्हणालं, "न्हाय, न्हाय सूनबाई, ताप नकोच. तापानं लाईन-लेंथ बिघडती."

तिनं दार आपटलं ना!

आन सुमित? त्याला म्हटलं, बाबा, तुला नको आसंल तर राहू दे, गोळ्या घे, बरा हो. तर बसला माझ्या शेजारी, रुमाल नाकाला. म्हणतो, "कॅप्टद, पाच वर्षं गावात कुडी बला हाक बारली दाही. आता एश्टी थांबवूद विचारत्यात, सर्दी कशी हाय?" डोळ्यात पाणी. सर्दीचं का कशाचं, मलाबी कळंना. बायकोनं दिलेल्या गोळ्या गालात धरून ठेवायचा आन बाहेर येऊन थुकायचा हो! आता आसल्या माणसाला गोळा नको कसा म्हणू?

उगवला रविवार. नरसिंहपूरची बॅटिंग. सुमितनं बॉल घेतला, चार पावलं मागं गेला, थांबला, आन माझ्याकडं बघून म्हणाला, "कॅप्टन..."

'कॅप्टन'! तो 'न' आसा स्वच्छ आला वो!

"कॅप्टन, मला भज्याचा वास येतोय."

संपलं! म्हटलं, "शिंक की रं!" म्हणतो, "येत न्हाय." म्हटलं, "सूर्याकडं बघ!" बघितलं. "बरं वाटतंय," म्हणतो! तेवढ्यात आबा धोतर सावरत मैदानात, हातात तपकिरीची डबी. अंपायर दत्तोबा गुरुजी आडवं आलं, "ओ, हे काय?" आबा म्हणालं, "औषध हाय," आन झाकण उघडलं, आन वारा आला... सगळी तपकीर गुरुजींच्या तोंडावर!

आता गुरुजींची शिंक म्हंजी कशी, तर दोन्ही हात पसरून. आऽऽऽक् छी! स्कोअरर लांब मांडवात. त्यानं लिहिलं, वाईड. पुढचा बॉल... आऽऽऽक् छी! वाईड! गुरुजी 'न्हाय, न्हाय' म्हणायला जात्यात आन परत हात पसरत्यात. एकदा 'एक मिनिट थांबा' म्हणून बोट वर केलं, तर आमी आऊट म्हणून नाचलो, तो बॅट्समन भांडायला आला, आन तेवढ्यात परत... वाईड! सत्तावीस बॉलची ओव्हर झाली वो! मी स्कोअररकडं पळालो, तो म्हणतो, "हात पसरलं की वाईड. शिंकंचा कॉलम न्हाय माझ्याकडं."

नरसिंहपूर एकशे अठरा. आमी ऑल आऊट तेवीस. मला बॅट सापडली, रन न्हाय सापडली.

एवढ्यावर सोडत्यात व्हय? बक्षीस वाटपाला माईकवाल्यानं बोलावलंच, "कळसचे कॅप्टन, जनतेला सांगा, एवढी फॉर्मातली टीम, आज नेमकं झालं काय?"

समोर अख्खं गाव. आबा खाली मान घालून. अंजलीशेजारी सुमित कागदातली भजी खातोय, चवीनं, आठ दिवसांनी चव लागलेली, आन ती त्याच्याकडं बघून हसतीय. मी माईक हातात घेतला. खोटं तरी काय बोलणार?

म्हटलं, "काय न्हाय वो... आमच्या बॉलरची तब्येत सुधारली."