गिळता येईल अशी कॉफी

बाळ : ते सगळं राहू दे ताई. मला एवढंच सांग, केळं आणि कॉफी एकत्र करून कुणी प्यायलंय का आजवर?

ताई : शहाण्या माणसाने नाही.

बाळ : म्हणजे कुणीतरी प्यायलं असणार.

ताई : दोन पातेली, चार वाट्या, मिक्सर, माझी चांगली गाळणी. ओट्याची काय दशा केलीयस!

बाळ : तू उठू नकोस. चाकांना ब्रेक लावलाय. तिथूनच बघ.

ताई : बघतेच आहे. झटका अर्ध्या अंगाला आला होता. डोळे शाबूत आहेत.

बाळ : जीभही शाबूत आहे म्हणायची. दीड महिन्यापूर्वी "बाळ" म्हणताना तुझे हाल व्हायचे. आता अख्खा माणूस सोलून काढतेस.

ताई : अठ्ठावन्न वर्षांचा बाळ! सोलणार नाही तर काय. केळी काळी पडलीत. टाकून दे.

बाळ : अगं, काळी पडलीत म्हणूनच हवीत. कच्चं केळं गुठळ्या धरतं. हे बघ, काट्याने नुसतं दाबलं की लोणी. आणि तेव्हाच डोक्यात आलं. त्या थेरपिस्ट मॅडम काय म्हणतात? पातळ द्यायचं नाही, दाट द्या. मग दाट करायला ती पावडरच कशाला हवी?

ताई : पावडर नाही ती. खळ आहे. काल कॉफीत ढवळलीस, चमचा उभा राहिला. त्यापेक्षा भिंतींना कागद चिकटव त्याने. तुझ्या धंद्यातलं काम आहे.

बाळ : म्हणून तर म्हणतो, माझ्यावर सोपव. पस्तीस वर्षं रंग कालवतोय. पातळ रंग भिंतीवरून ओघळतो, दाट रंग सावकाश उतरतो. तुझ्या घशाचंही तेच...

ताई : माहीत आहे. पातळ पोहोचतं, तोवर घसा श्वासाच्या नळीचं दार लावत नाही. दीड महिना हेच पुराण ऐकतेय.

बाळ : मग हेही ऐकलं असशील, की दिवसाला सहा कप पोटात जायला हवेत. परवा एक गेला, काल अर्धा. आज सकाळपासून चार चमचे. मॅडम चार वाजता येणार. आजच्याही नोंदीच्या कागदावर अशाच फुल्या दिसल्या, तर उद्या हॉस्पिटल आणि नाकातून नळी.

ताई : दूध किती घेतलंस?

बाळ : अर्धा कप. कॉफी अर्धा कप, कडक. केळं एक.

ताई : आधी दूध-केळं फिरव. कॉफी मागाहून. गरम ओतशील तर झाकण उडेल. छत रंगवायला तूच बसशील.

बाळ : बरं. कान झाक.

ताई : एकाच हाताने?

बाळ : चुकलो. उशी घे.

ताई : फिरव रे, मी काय तान्ही आहे?

बाळ : ...झालं. आता दाटपणा मोजायची ही सिरिंज. दहा मिलीपर्यंत भरायची, खाली बोट लावायचं, बोट काढलं की दहा आकडे मोजायचे. चार ते आठच्या मध्ये उरायला हवं. मोज तू.

ताई : एक. दोन. तीन. चार... बाळ, काही पडतच नाहीये.

बाळ : नऊ उरले! हवं त्याहून घट्ट! पहिल्याच फटक्यात!

ताई : गाळलंस?

बाळ : गाळायला कशाला हवं, मिक्सरमधून काढलंय की.

ताई : तोंड बघ सिरिंजचं. केळ्याची शीर अडकलीय. तोच तुकडा माझ्या घशात अडकला असता.

बाळ : ...खरंच की. हा काळा ठिपका आणि ही शीर.

ताई : रंग गाळून घेतोस ना?

बाळ : जुन्या साडीतून. दोनदा.

ताई : मग माझ्यावर काय राग?

बाळ : गाळतो बाई. दोनदा गाळतो. ...हं, मोज.

ताई : एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा.

बाळ : दीड उरलं. पाणी आहे हे. अर्धं केळं वाढवू?

ताई : वाढव. आणि दूध वाढवू नकोस. वास चांगला येतोय रे.

बाळ : कसा?

ताई : कॉफीचाच. केळं मागे उभं आहे, लाजल्यासारखं. चिमूटभर दालचिनी घाल. वरच्या फळीवर, मोहरीच्या मागे.

बाळ : डबीवर तर "सुंठ" लिहिलंय.

ताई : डबी सुंठेची, आत दालचिनी. एवढंही माहीत नाही माझ्या घरातलं?

बाळ : तुझ्या घरात आजवर पाहुणा म्हणून आलो ताई. आयता कप हातात यायचा.

ताई : आता आलास ते मिक्सर घेऊनच. चल, फिरव.

बाळ : ...मोज.

ताई : थांब. वर फेस किती आलाय. तो बसू दे.

बाळ : अरे हो! हवा राहिली की आकडा खोटा येतो. रंगात हवा राहिली तर भिंतीवर फोड येतात, हे मी पोरांना ओरडून सांगत असतो. पाच मिनिटं बसू दे.

ताई : बस तूही. सकाळपासून उभा आहेस. एक विचारू?

बाळ : विचार.

ताई : इतके दिवस गुमान पावडर ढवळत होतास. मी तोंड फिरवलं की कागदावर फुली मारायचास. आज एकदम ही प्रयोगशाळा कशाला?

बाळ : असंच. उत्सुकता म्हणून.

ताई : आवाज वर गेला तुझा.

बाळ : कुठे गेला?

ताई : पुन्हा गेला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं आवाज ऐकलेत मी. माणूस दिसायचा नाही, पण खोटं बोलला की कळायचं. तुझं तर लहानपणापासून कळतं. हॉस्पिटलातल्या त्या कॉफीचं डोक्यात आहे ना?

बाळ : फेस बसला वाटतं.

ताई : बाळ.

बाळ : ...तू मागितलीस. तिसराच दिवस होता. तोंडाला काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तू थर्मासकडे बघत राहिलीस आणि डाव्या हाताने खूण केलीस, एवढीशी. मी म्हटलं, दोन घोटांनी काय होतंय. त्या दोन घोटांनी तुला न्यूमोनिया झाला.

ताई : मी मागितली होती.

बाळ : दिली मी. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू काय केलंस? शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवलंस. म्हणजे तूच उचलून प्यायलीस! अगं, तुला कूस बदलता येत नव्हती, तू कप उचलणार होतीस?

ताई : त्यांनी विश्वास ठेवला.

बाळ : छे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. रंगाचे पोपडे मोजत बसलो.

ताई : आता मीही एक सांगते. त्या खळीचा मी उगाच बाऊ केला. चव वाईट आहे, पण अन्न म्हणून गिळली असती. वाईट स्वयंपाक काही कमी खाल्लेला नाही मी.

बाळ : मग पीत का नाहीस?

ताई : भीती वाटते. चमचा तोंडात गेला की तो दिवस आठवतो. मी बुडत होते रे. कोरड्या चादरीवर, चार माणसांसमोर, बुडत होते. ओरडायला आवाजही नव्हता. अख्खा जन्म आवाजावर काढला आणि त्या वेळी तोच नाही. तेव्हापासून घोट तोंडात घेतला की जीभ दगड होते. पुढे ढकलतच नाही.

बाळ : हे मॅडमना का सांगितलं नाहीस?

ताई : काय सांगू? पाणी प्यायची भीती वाटते म्हणून? या वयात?

बाळ : मग हे सगळं ओतून टाकतो. चार वाजता त्यांना सरळ सांगू...

ताई : ओतू नकोस! केवढं केलंय. मोजू या तरी. किती उरतं ते बघायचंय मला.

बाळ : बघायचंय?

ताई : सकाळपासून पहिल्यांदा काही बघावंसं वाटलंय. भर सिरिंज. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. आठ. नऊ. दहा.

बाळ : बोट लावलं. सहा! सहाला एक केस कमी!

ताई : फेस?

बाळ : नाही.

ताई : शीर?

बाळ : नाही. बघ, धार कशी पडतेय! तलम. असा रंग लागला असता तर भिंतीला दुसरा हात द्यावा लागला नसता.

ताई : जवळ आण. वास घेऊ दे. ...बाळ, एक चमचा दे.

बाळ : काय?

ताई : आत्ता. जीभ दगड व्हायच्या आत.

बाळ : नाही.

ताई : सहा उरलंय ना? मध्येच आहे की.

बाळ : आकडा मध्येच आहे. पण पुन्हा माझ्या हाताने, माझ्याच अंदाजाने नाही देणार. मॅडम येईपर्यंत एक थेंबही नाही. रुसायचं तर रूस.

ताई : ...बरं.

बाळ : बरं?

ताई : बरं म्हटलं ना. एकदाचा नाही म्हणायला शिकलास. त्यावर झाकण ठेव, गार होईल.

(दाराची बेल वाजते.)

मॅडम : नमस्कार मावशी. कसला वास हा? घरात केक केलाय का काका?

बाळ : कॉफी केलीय. केळ्याची.

मॅडम : केळ्याची कॉफी? कुणाची कल्पना?

ताई : कल्पना याची. गाळणी माझी.

मॅडम : दाखवा बरं. बसल्यावर पाणी वेगळं होतं का? ढवळते. गुठळी नाही. कोमट आहे, ते बरं. सिरिंज द्या, मी स्वतः बघते. ...साडेपाच. छान आहे हो! मावशी, करून बघू या का?

ताई : बघू या.

मॅडम : आधी नेहमीचा प्रश्न. मी गेल्यापासून पातळ काही दिलं नाही ना काका? पाणी, चहा, चोरून काही?

बाळ : गेल्यापासून नाही. पण मॅडम, पहिल्या आठवड्यात दिली होती. हॉस्पिटलात. साधी कॉफी, दोन घोट. न्यूमोनिया त्यानेच झाला. तुमच्या कागदावर लिहिलंय की पेशंटने स्वतः घेतली. तसं नाही. मी दिली.

मॅडम : ...बरं केलंत सांगितलंत ते. मी कागदावर दुरुस्त करते. पण काका, दोन घोटांनीच झाला, असं छातीठोक मीही म्हणणार नाही. त्या दिवसांत नुसती थुंकीसुद्धा चुकीच्या वाटेने जाते. आणि मी जाते त्या दर दुसऱ्या घरात कुणीतरी मायेपोटी कप पुढे केलेला असतो. पुन्हा मात्र नाही.

बाळ : नाही.

ताई : आता माझं लिहा. खळ आवडत नाही, हे खोटं. भीती वाटते, हे खरं.

मॅडम : कशाची, मावशी?

ताई : बुडायची.

मॅडम : मग आज कागद बाजूला. कप किती गेला, ते नाही बघायचं. एक चमचा, तोही अर्धा. मी इथे, काका तिथे. ताठ बसा. घोट तोंडात घेतला की हनुवटी छातीकडे. तुम्ही म्हणाल तेव्हाच. नकोसं वाटलं तर या वाटीत थुंकून टाका, कुणी रागावणार नाही.

ताई : बाळ, भिंतीकडे तोंड करून काय उभा आहेस?

बाळ : रंग कसा आहे ते बघतोय.

ताई : इकडे बघ. मला बघणारं कुणीतरी हवंय. ...द्या.

मॅडम : हं. हनुवटी खाली. गिळा. आणखी एकदा गिळा, नुसतंच. घाई नाही. ...आता "आ" म्हणा.

ताई : आ.

मॅडम : मोठ्याने. आवाज ओला येतो का ते ऐकायचंय मला.

ताई : आऽऽऽ.

मॅडम : कोरडा! खणखणीत! एक्स्चेंजचा आवाज हाच का?

ताई : याच्या निम्म्याने लोक वळणावर यायचे. आणखी द्या.

मॅडम : जीभ?

ताई : हलली. चव बघायची होती तिला, म्हणून असेल. आधी कॉफी लागते, मग केळं हळूच येतं मागून. दालचिनी कमी पडली बाळ.

बाळ : घालतो. उद्या घालतो. आत्ता घालू?

मॅडम : आत्ता काही मिसळू नका हो, मोजलेलं आहे! मावशी, पाच चमचे झाले. दम घ्या.

ताई : नळीचं काय?

मॅडम : उद्याचा दिवस नळीचं थांबवते. रोज एवढ्यावर भागणार नाही, पावडरही घ्यावी लागेल. पण जीभ सैल झाली तर ती गिळता येईल. दर वेळी ताजं करायचं, दर वेळी मोजायचं. जमेल काका?

बाळ : न जमायला काय झालं? आणखी तीन केळी आहेत काळी.

ताई : मघाची कडक कॉफी उरली असेल ना रे पातेल्यात? तूही घे कपभर. सकाळपासून तुझ्याही पोटात काही नाही.

बाळ : मला नको.

ताई : का?

बाळ : पीत नाही हल्ली.

ताई : केव्हापासून?

बाळ : ...न्यूमोनिया झाला तुला, तेव्हापासून.

ताई : चाळीस दिवस?

बाळ : मोजले नाहीत.

ताई : मॅडम, तो कप द्या त्याला. आणि जरा समजावून सांगा, त्याला पातळ चालते म्हणून.